काळी, पांढरी आणि डॉ. सांकलिया

मित्रांनो, लेख दे म्हणून संपादक मंडळाने पिच्छा पुरवला, तेव्हा मी विषय सांगितला आणि रूममध्ये हशा पिकला. सिव्हिलच्या पोरानं लिहायचं तर धरणावर लिहावं, फार तर विश्वेश्वरय्यांवर लिहावं. हा उत्खननवाला माणूस मध्येच कुठून काढला? पण या माणसाचं माझ्यावर एक देणं आहे. ते कसं झालं, तेवढं आधी सांगतो.

आमचं गाव उमरी तालुक्यातलं. उमरी म्हटलं की रेल्वे स्टेशन आठवतं आणि १९४८ ची उमरी बँकेची लूट आठवते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातली ही गोष्ट शाळेत दर १७ सप्टेंबरला भाषणात ऐकून ऐकून आम्हाला पाठ झाली होती. त्यामुळे आमचा इतिहास १९४८ ला सुरू होतो, असंच मला बरेच दिवस वाटत होतं.

गावाबाहेर ओढ्याच्या काठी एक टेकाड आहे. सगळे त्याला पांढरी म्हणतात. आजोबा सांगायचे, पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. मृगाच्या आधी घराच्या माळवदावर टाकायला तिथलीच माती आणायची, म्हणजे पाणी गळत नाही. लहानपणी मीही बैलगाडीत बसून ती आणायला गेलोय. यापलीकडे त्या टेकाडाचा विचार कुणी केला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात अनुभव म्हणून एका ठेकेदाराच्या साईटवर महिनाभर गेलो. रस्त्याच्या भरावाला माती कमी पडली आणि जेसीबी टेकाडाला लागला. खेपा लिहून घ्यायचं काम माझ्याकडे. खापरं निघत होती, हाडं निघत होती, राखेचे पट्टे दिसत होते. मी आपला खेपा मोजत होतो! एकदा शंखाच्या बांगडीचा तुकडा पायाशी आला, तो छान दिसला म्हणून खिशात टाकला. महिन्याभरात अर्धं टेकाड रस्त्याखाली गेलं. गावात कुणाला काही वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

तो तुकडा हॉस्टेलवर माझ्या पेनस्टँडमध्ये पडून होता. पुढे नांदेडच्या एका वाचनालयात 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' हे पुस्तक हाती लागलं. त्यावर ह. धी. सांकलिया आणि म. श्री. माटे अशी नावं होती. सहज चाळायला घेतलं आणि रात्री मेसची वेळ चुकली. मग सांकलियांबद्दल जिथं जे मिळेल ते वाचत गेलो. एखाद्या कादंबरीच्या नायकासारखा हा माणूस नाही. पण त्यानं आयुष्यभर एक गोष्ट केली, ती आपल्या कामाची आहे. शब्द आणि माती या दोन्हींचा अभ्यास त्यानं एकत्र केला.

हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, एका गुजराती कुटुंबात झाला. मूल इतकं अशक्त होतं की ते जगेल अशी घरच्यांना आशा नव्हती. पंधराएक वर्षांचे असताना त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथाचं गुजराती भाषांतर आलं. मूळ ग्रंथ १९०३ चा. वेदांतल्या ऋचांवरून आणि खगोलगणितावरून टिळकांनी आर्यांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचं मांडलं होतं. त्या वयात त्यातलं फारसं काही समजणं शक्य नव्हतं, पण प्रश्न मात्र मनात रुतून बसला. आपल्या देशातले हे प्राचीन लोक कोण, कुठले? त्याचं उत्तर शोधायचं तर टिळकांसारखं संस्कृत आणि गणित दोन्ही यायला हवं, असं त्या मुलानं ठरवून टाकलं. टिळकांचं ते अनुमान आज कुणी मानत नाही. पण चुकलेल्या उत्तरातूनही एखाद्याला आयुष्यभराचा प्रश्न मिळतो, तो असा!

संस्कृत घेऊन ते बी.ए. झाले. एम.ए. साठी मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांच्या हाताखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तो १९३४ मध्ये पुस्तकरूपानं आला. इथपर्यंत सगळा प्रवास ग्रंथांमधून, ताम्रपटांमधून, म्हणजे शब्दांमधूनच चालला होता. मग ते लंडनला गेले आणि पायांना माती लागली.

लंडन विद्यापीठात त्यांनी गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी. केली. त्याच काळात इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल नावाच्या टेकडीवर मॉर्टिमर व्हीलर यांचं मोठं उत्खनन चालू होतं. ते १९३४ ते १९३७ असं चाललं. नाव कॅसल असलं तरी तिथं किल्ल्याची इमारत वगैरे काही नाही. टेकडीभोवती मातीचे प्रचंड तट आणि खंदक, एकामागे एक. रोमन यायच्या आधी तिथं लोहयुगातले लोक राहत. सांकलिया या उत्खननात शिकाऊ म्हणून जाऊन आले.

मित्रांनो, इथं जरा थांबू या, कारण खरी गंमत इथंच आहे. मेडन कॅसलच्या त्या लोकांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. मग ते कोणती भाषा बोलत हे कळलं कसं? रोमनांनी टिपून ठेवलेल्या टोळ्यांच्या आणि गावांच्या नावांवरून, आणि वेल्स प्रांतात आजही बोलल्या जाणाऱ्या वेल्श भाषेवरून. वेल्श, आयरिश, स्कॉटलंडची गेलिक, फ्रान्सच्या टोकाची ब्रेटन या भाषांना केल्टिक म्हणतात. त्या आपल्या संस्कृत-मराठीच्या दूरच्या चुलत बहिणी लागतात. वेल्शमध्ये तीनला 'त्री' म्हणतात, संस्कृतात 'त्रि'. आयरिशमध्ये राजाला 'री', आपल्याकडे 'राजन्'. म्हणून तिकडच्या काही विद्यापीठांत केल्टिक भाषा आणि पुरातत्त्व हे दोन विषय एकत्र शिकता येतात. नुसती भाषा शिकणाऱ्याकडे नावं असतात पण घरं नसतात, आणि नुसतं खणणाऱ्याकडे घरं असतात पण ती मुकी असतात.

व्हीलर यांच्याकडे सांकलिया शिकले ती शिस्त आपल्याला ओळखीची वाटेल. जमिनीवर चौकोन आखायचे, दोन चौकोनांमध्ये मातीची भिंत न खणता तशीच ठेवायची. त्या भिंतीच्या उभ्या छेदात थर दिसतात. प्रत्येक थराला नंबर द्यायचा आणि सापडलेल्या प्रत्येक वस्तूवर तो नंबर टाकायचा. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. आपण बोअर लॉग लिहितो ना, अगदी तसं. फरक एवढाच की आपण त्या थरावर फूटिंग बसेल का ते बघतो आणि ते लोक त्या थरावर कोण राहिलं ते बघतात.

भारतात परतल्यावर १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. या संस्थेचीही एक कथा आहे. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत शिकवण्यासाठी ती सुरू झाली. पुढे ती येरवड्याच्या काळ्या दगडी इमारतीत गेली. टिळक तिथलेच विद्यार्थी. सरकारने १९३४ मध्ये कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. ज्या टिळकांच्या ग्रंथानं मुंबईतला एक मुलगा या वाटेला लागला, त्यांच्याच कॉलेजात तो शिकवायला आला, याला योगायोग म्हणायचं नाही तर काय!

नव्या संस्थेत एका आवारात भाषाशास्त्र होतं, पुरातत्त्व होतं, आणि समाजशास्त्र-मानववंशशास्त्राला इरावती कर्वे होत्या. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृतच्या प्रचंड कोशाचं काम सुरू केलं. सुमारे १५०० ग्रंथांतून एकेक शब्द वेचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथं लावून ठेवल्या आहेत. एका इमारतीत शब्दांच्या चिठ्ठ्या आणि शेजारी खापरांच्या पेट्या. दोन्हीकडे काम तेच, कोण आधी आणि कोण नंतर ते लावायचं.

सांकलियांनी दोन्हीकडे हात घातला. १९४० च्या दशकात गुजरातमध्ये आदिमानवाचा शोध घेत ते साबरमतीच्या काठानं फिरले, लांघणजला इरावतीबाईंसोबत उत्खनन केलं, तिथं मानवी सांगाडे मिळाले. आणि त्याच दशकाच्या शेवटी, १९४९ मध्ये, त्यांनी गुजरातच्या कोरीव लेखांतली गावांची आणि माणसांची नावं घेऊन एक आख्खा ग्रंथ लिहिला. कोणत्या गावाच्या नावात झाड आहे, कुठं देव आहे, कुठं एखादी जमात आहे, याचा तो अभ्यास. हे वाचलं आणि मी पहिल्यांदा स्वतःच्या तालुक्याच्या नावाकडे बघितलं. उंबराच्या झाडावरून उमरी, असं आजोबा म्हणत. महाराष्ट्रात उमऱ्या, उंबऱ्या, उंबरगावं काय कमी आहेत? मग प्रत्येक ठिकाणी उंबर होते का, आणि कधी होते? नुसत्या नावावरून ते ठरत नाही, पण विचारायला सुरुवात तिथून करता येते.

महाराष्ट्रात त्यांचं सगळ्यात मोठं काम गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात झालं. नाशिकजवळ गोदावरीच्या काठच्या जुन्या गाळात अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. त्यावरचं पुस्तक १९५२ मध्ये निघालं. आपल्या नांदेडच्या घाटावरून वाहते तीच ही गोदावरी, बरं का! १९५०-५१ मध्ये नाशिक आणि संगमनेर तालुक्यातलं जोर्वे इथं उत्खनन झालं. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि लाल भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी सापडली. अशी भांडी मग महाराष्ट्रात ठिकठिकाणी ओळखू येऊ लागली आणि इ.स.पू. १४०० च्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या त्या संस्कृतीला जोर्वे हेच नाव पडलं. एका खेड्याचं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं.

मग नेवासं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं. मराठी भाषेच्या दृष्टीने याहून मोठं गाव कोणतं! तिथल्या लाडमोड टेकाडावर १९५४ पासून उत्खनन सुरू झालं. वर मराठेशाहीचे आणि मुसलमानी अमलाचे थर, खाली सातवाहन काळ, त्याखाली तांब्या-दगडाची अवजारं वापरणारे शेतकरी, आणि नदीच्या गाळात अश्मयुगातली हत्यारं. सातवाहन थरांत रोमन साम्राज्यातून आलेल्या सुरयांचे तुकडे निघाले. ज्या रोमनांनी मेडन कॅसल जिंकलं, त्यांचा माल प्रवरेच्या काठीही येत होता. त्याखाली घराच्या जमिनीत दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेले, आत लहान मूल. एका माळेच्या तांब्याच्या मण्यांत धाग्याचा अंश तीन हजार वर्षं टिकून राहिला होता. ते मूल कोणत्या नावानं रडलं असेल, त्याच्या आईची भाषा कोणती, हे मात्र कुणाला सांगता येत नाही. त्या लोकांनी काहीच लिहून ठेवलं नाही आणि रोमनांसारखा बाहेरून टिपणाराही तेव्हा कुणी नव्हता.

सांकलियांच्या आयुष्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट इथंच आहे. शब्द आणि माती जोडायचा मोह फार मोठा असतो. व्हीलर हे १९४४ ते १९४८ भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. त्यांनी मोहेंजोदडोचे सांगाडे आणि ऋग्वेदातला इंद्र यांची सांगड घालून आर्यांच्या हल्ल्याची कल्पना मांडली. थर नीट तपासल्यावर ती टिकली नाही. जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये तिचा समाचार घेतला. खुद्द सांकलियांनी नर्मदेकाठच्या नावडातोलीला सापडलेल्या नळीच्या पेल्यांचं साम्य इराणच्या भांड्यांशी दिसल्यावर आर्यांच्या वाटेचा अंदाज बांधला. तो पुढे अनेकांना पटला नाही. थोर माणसंही घसरतात, कारण भांडं स्वतः कोणती भाषा बोललं ते सांगत नाही.

पण हाच माणूस १९७३ मध्ये रामायणावर पुस्तक लिहितो, तेव्हा उलटं करतो. ग्रंथालाच तो टेकाडासारखा बघतो. रामाचं नाव कोरलेल्या अंगठीचा उल्लेख येतो, तर नाव कोरलेल्या अंगठ्या आपल्याकडे कधीपासून मिळतात? ग्रीकांचा संबंध आल्यानंतर, असं त्यांचं म्हणणं; म्हणजे काव्याचा तेवढा भाग नंतरच्या थराचा. पुस्तकावर वाद झाले, आजही होतात. त्यांची सगळी उत्तरं मान्य करायलाच हवीत असं नाही. श्रद्धेच्या विषयातही शांतपणे थर मोजत बसायला किती धीर लागतो, ते मात्र बघा.

इनामगावचं नाव घेतल्याशिवाय सिव्हिलवाल्यानं लेख संपवू नये. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी १९६८ मध्ये हे उत्खनन सुरू झालं. डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह ते पुढे १९८३ पर्यंत चाललं. घरांच्या रांगा, धान्याची कोठारं, आणि त्याबरोबर एक बांध आणि पाण्याचा पाट! तीन हजार वर्षांपूर्वी इथल्या कुणीतरी लेव्हल काढून पाणी वळवलं होतं. त्या इंजिनिअरला कोणत्या विद्यापीठानं डिग्री दिली असेल?

सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले, पण लिहिणं थांबलं नाही. भारत आणि पाकिस्तानच्या प्रागैतिहासिक काळावरचा त्यांचा ग्रंथ अनेक पिढ्यांनी अभ्यासला. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७८ मध्ये आत्मचरित्र आलं. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. जगेल की नाही अशी शंका असलेलं ते मूल ८० वर्षं जगलं आणि मागे उत्खनन करणाऱ्यांची फौज ठेवून गेलं.

आता माझ्या तुकड्याकडे येतो. मागच्या वर्षी एका स्पर्धेसाठी पुण्याला गेलो होतो, तेव्हा येरवड्याला जाऊन डेक्कन कॉलेज बघितलं. जाताना तो बांगडीचा तुकडा सोबत नेला. तिथं एका जाणकारांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि पहिल्यांदा हेच विचारलं, की हा कोणत्या थरातला. मी काय सांगणार? त्या थराच्या खेपा मीच मोजल्या होत्या आणि तो थर आता रस्त्याखाली दबाईत आहे. शंखाच्या बांगड्या सातवाहन काळात होत्या, त्याआधीही होत्या, नंतरही होत्या. थर नसेल तर तो नुसता शंखाचा तुकडा. त्यांनी मला रागवलं नाही, हेच जास्त लागलं.

परत येताना रात्रभर गाडीत एकच डोक्यात होतं. आजोबा म्हणायचे ती काळी आणि पांढरी! पिढ्यान् पिढ्या राख, शेण, चुना, मोडक्या भिंती साचून जी माती पांढुरकी होते ती पांढरी. म्हणजे जुनी वस्ती कुठं होती हे आमच्या भाषेनं सांभाळून ठेवलं होतं. महाराष्ट्रातले उत्खननवाले गावात गेले की आधी पांढरी कुठं आहे तेच विचारतात. शब्द माझ्या तोंडात होता, माती माझ्या पायाखाली होती आणि दोन्ही मला कळले नाहीत.

आणि हे फक्त आमच्या गावाचं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत, कंधारला राष्ट्रकूटांचा जगत्तुंग तलाव आहे. नांदेड जिल्ह्यातले कोरीव लेख श्रीनिवास रित्ती आणि ग. चं. शेळके यांनी वाचून काढले आणि १९६८ मध्ये नांदेडच्या यशवंत महाविद्यालयानं ते छापले. त्यातले कितीतरी लेख कन्नड भाषेत आहेत. आज आपण मराठीत भांडतो त्याच गावांत हजारेक वर्षांपूर्वी दानपत्रं कन्नडमध्ये कोरली जात होती. हे नुसत्या दगडाला कळत नाही आणि नुसत्या व्याकरणालाही नाही. दोन्ही यावं लागतं.

माझ्यापुरतं मी एवढंच केलं. उन्हाळ्यात दोन मित्रांना घेऊन गावी गेलो, ऑटो लेव्हलनं उरलेल्या टेकाडाचे कंटूर काढले, शीट काढली. एक प्रत ग्रामपंचायतीत दिली आणि इथली माती आता कुणी नेऊ नये असं ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. बोलताना पाय लटपटत होते, कारण खेपा कुणी लिहिल्या हे सगळ्यांना माहीत होतं. आजोबा मागच्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर ते म्हणाले, माळवद जाऊन स्लॅब पडला, आता पांढरी लागतेय कुणाला? नुसती तिथं असू दे.

तर मित्रांनो, या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम करा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपली पांढरी कुठं आहे. शेतांची, ओढ्यांची, टेकाडांची जुनी नावं वहीत लिहून घ्या. खापर दिसलं तर उचलू नका, जागा लिहून ठेवा. आणि उद्या साईट इंजिनिअर झालात, भरावाला माती कमी पडली आणि समोर पांढुरकं टेकाड दिसलं, तर जेसीबीवाल्याला एक दिवस थांबायला सांगा.

माझा तुकडा अजून पेनस्टँडमध्येच आहे. त्याला नंबर नाही.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी